खान्देशी पदार्थ जपायचे तर सुरुवात कुठून करावी?

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: तालुक्याच्या गावातलं तुमचं महिला मंडळ आहे, खान्देशी खाद्यसंस्कृती जपण्यासाठी काहीतरी ठोस करायचं आहे. दोन दिवसांचा खाद्यमहोत्सव, शंभर पाककृतींचं पुस्तक आणि शाळेतल्या मुलांसाठी एखादा कार्यक्रम असा बेत ठरतोय. पैसे बेताचे आहेत, उत्साह भरपूर आहे. आधी काय करावं?

आधी तो शंभरचा आकडा सोडा. तीन पदार्थ निवडा आणि वर्षभर त्यांच्याच मागे लागा. महोत्सव शेवटी आणि पुस्तक त्याच्याही नंतर. मी जळगाव-धुळे पट्ट्यात बचत गटांबरोबर वाळवणाचं आणि पदार्थांच्या नोंदींचं काम करते. शंभर पाककृतींची पुस्तकं मी बरीच पाहिली आहेत. प्रकाशनाला सत्कार होतात, फोटो निघतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात गावात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करणाऱ्या बाया आणखी कमी झालेल्या असतात.

कारण साधं आहे. पाककृती हरवत नाही, ती करणारे हात आणि तिला लागणारं सामान हरवतं. शेवभाजीचंच बघा. धुळ्यापासून पुण्यापर्यंत प्रत्येक ढाब्याच्या फळ्यावर ती आहे, तिला आपल्या आधाराची गरज नाही. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीची पंगत लेवा पाटलांच्या लग्नात आजही बसते. त्या पदार्थांमागे मागणी आहे, आचारी आहेत, पैसा आहे. धोका आहे तो मांड्यांना, म्हणजे खापरावरच्या मोठ्या पुरणपोळ्यांना, बिबड्यांना, ज्वारी-उडदाच्या कळण्याला, डाळीच्या वाफवलेल्या फुनक्यांना, ज्वारीच्या आंबिलीला. यातला एकही पदार्थ लोकांना आवडेनासा झालेला नाही. समोर ठेवला तर ताट पुसून खातात. करायला कष्ट फार, आणि ते कष्ट एकाच बाईच्या माथी, म्हणून ते मागे पडले. ‘नवीन पिढीला आपलं आवडत नाही’ हे वाक्य मंडळाच्या बैठकीत कोणी म्हणालं तर त्या व्यक्तीला विचारा, की तुमच्या घरी शेवटचे मांडे कोणी केले, आणि त्या दिवशी भांडी कोणी घासली?

म्हणून माझा आग्रह असतो, नुसत्या कृतीची नोंद करू नका, कामाची करा. पीक कुठलं, ते कोण पिकवतं, सरपण कोणतं, भांडं कोण घडवतं, दिवस कोणता, किती जणी लागतात, किती वेळ जातो, पैसे कोणाला मिळतात. हे सगळं लिहून झालं की कृती आपोआप लिहिली गेलेली असते.

पहिला पदार्थ म्हणून भरीत घ्या, कारण ते सोपं वाटतं आणि मुळीच सोपं नसतं. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बामणोद, असोदा या गावांची नावं त्या वांग्यामुळे लोकांच्या तोंडी आहेत. फिकट हिरवं, मोठं, बी कमी, गर भरपूर. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. मानांकन वांग्याला आहे, भरताला नाही. आणि ते नाव लावून वांगी विकायची तर शेतकऱ्याने स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी लागते. नोंदणी दहा वर्षांची असते, मग नूतनीकरण करावं लागतं. तुमच्या गावात भरताची वांगी लावणारे शेतकरी किती आणि त्यातल्या किती जणांची अशी नोंद आहे, हे आधी विचारून या. मंडळाच्या दोघी-तिघींनी दोन दुपारी खर्च केल्या तर होणारं काम आहे.

त्याहून मोठा प्रश्न बियाण्याचा. वांग्याचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागावर धरतं, पण मधमाश्या आणि भुंगे शेजारच्या वाफ्यातून पराग आणतात. शेजारी जांभळं काटेरी वांगं असेल तर दोन-तीन वर्षांत तुमच्या वांग्याचा रंग आणि गर बदललेला दिसतो. मग लोक म्हणतात, ‘आता पहिल्यासारखी चव राहिली नाही,’ आणि खापर खताच्या माथी फोडतात. खताचा दोष असेलही, पण आधी बी तपासा. बी धरायचं झाडच वेगळं निवडायचं: निरोगी, मधल्या बहराचं, फळाचा आकार मनासारखा असलेलं. फूल उमलण्याआधी कळीवर पातळ कापडाची किंवा कागदाची पिशवी सैल बांधायची, फळ धरलं की ती काढून देठाला रंगीत दोरा बांधायचा. ते फळ तोडायचं नाही. पिवळं पडून मऊ होईपर्यंत झाडावरच ठेवायचं. मग कापून गर पाण्यात कुस्करायचा. भरलेलं बी तळाशी बसतं, पोचट वर तरंगतं. तळाचं धुऊन सावलीत वाळवायचं आणि राखेत घोळून कोरड्या बरणीत ठेवायचं. बरणीवर गाव, शेताचं नाव आणि वर्ष लिहायचं. चार शेतकऱ्यांकडचं बी असं धरलं, तर शंभर पानांच्या पुस्तकापेक्षा ते काम मोठं आहे, असं माझं मत आहे आणि त्यावर मी भांडायला तयार आहे.

मग येतात काड्या. भरताची वांगी गॅसवर भाजली की जे होतं त्याला मी भरीतच म्हणते, मी काही सोवळी नाही. पण काडीवरच्या भरताची गोष्ट वेगळी. कपाशीच्या वाळक्या काड्या भडकन पेटतात, आच मोठी आणि थोडा वेळच राहते. वांग्याचं साल करपून सुटतं, आतला गर स्वतःच्याच पाण्यात शिजतो, आणि धूर फार मुरायच्या आत जाळ बसतो. लाकडाच्या निखाऱ्यावर ठेवलं तर वांगं हळूहळू आटतं आणि गर चिवट होतो. त्यामुळे भरताचा हंगाम आणि कपाशी उपटण्याचा हंगाम एकमेकांत गुंतलेले आहेत. आता गुलाबी बोंडअळीमुळे फरदड (वेचणी संपल्यावरही त्याच झाडांवर घेतलेलं वाढीव पीक) न ठेवता कपाशी वेळेत काढायला सांगतात, ते योग्यच आहे. पण काड्या यंत्राने शेतातच बारीक करून गाडल्या जातात, आणि बांधावरचे ढीग कमी होतात. महोत्सवाच्या आदल्या आठवड्यात ‘काड्या कुठे मिळतील?’ म्हणून फोन फिरवण्याऐवजी आधीच एखाद्या शेतकऱ्याला सांगून एक गाडीभर काड्या कोरड्या जागी रचून ठेवा. फक्त त्याला विचारा, शेवटची फवारणी कधी झाली होती. जिथे झाडं वाळेपर्यंत फवारणी चालली, त्या शेतातल्या काड्या मी घेत नाही.

भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत घालतात, म्हणजे लांबट, खोलगट लाकडी भांड्यात, आणि लाकडी दांडक्याने ठेचतात. हिरवी मिरची आणि लसूण भाजून त्यातच ठेचलेलं. मग कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कोथिंबीर, आणि तेल. मिक्सरने गर एकजीव होतो, गंधासारखा लगदा होतो. बडगीत रेषा राहतात, घास लागतो. चांगली बडगी घडवणारा सुतार तुमच्या तालुक्यात उरला आहे का? असेल तर त्याला एक नवी घडवायला सांगा आणि तिचे पूर्ण पैसे द्या. जुनी बडगी मागून आणून काचेच्या कपाटात ठेवू नका. वापरात नसलेलं लाकूड तडकतं, किडतं, आणि ठेचायला घेतलं की कुसं निघतात.

दिवसाचंही तसंच. चातुर्मास पाळणाऱ्या घरांत वांगं बंद असतं, ते मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून सुरू होतं. तिथून संक्रांतीपर्यंत शेताशेतांत भरीत पार्ट्या चालतात. तुमच्या चिठ्ठीत मे महिन्यातला महोत्सव आणि त्यात भरीत असा उल्लेख आहे. तेवढं बदला. मे महिन्यात वांगी मिळतील, पण ती नव्हेत.

भरताबरोबर कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट अख्खे उडीद एकत्र दळलेलं पीठ. बऱ्याच घरांत चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद आणि दळतानाच थोडं जाडं मीठ, असं प्रमाण असतं. काही घरांत उडीद याहून जास्त. इथेच ‘खरं प्रमाण कोणतं?’ हा वाद सुरू होतो. त्यात पडू नका. दोन्ही लिहा, आणि प्रत्येकासमोर गाव लिहा. उडीद वाढला की भाकरी थापताना हाताला चिकटते पण तुटत नाही, कमी झाला की कडा फाटतात. हे कारण लिहिलंत तर वाचणारी आपलं प्रमाण स्वतः ठरवेल. ज्वारी दादर असेल तर तेही लिहा. तापीकाठच्या काळ्या मातीतली रब्बीची दादर आणि खरिपाची संकरित ज्वारी यांच्या पिठाला पाणी सारखं लागत नाही. आणि गिरणीवाल्यालाही भेटा. कळणा दळायला गिरणीवाले कुरकुरतात, कारण पुढच्या गिऱ्हाइकाच्या गव्हात काळे ठिपके येतात. आठवड्यातला एक ठरलेला दिवस कळण्यासाठी मागून घेतला, तर पाच-सहा घरांचा कळणा एकदम दळून होतो आणि कुरकुरही थांबते. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, ज्वारीची बिस्किटं आणि कुरकुरे दुकानांत आले. आले ते बरंच झालं. पण पाटावर दोन्ही हातांनी भाकरी फिरवणारी मुलगी त्यातून तयार होत नाही.

दुसरा पदार्थ बिबडे. नोंद कशी करायची हे याच पदार्थावर शिका, कारण एका दिवसात सगळं डोळ्यांसमोर घडतं. एका आजींकडे मी ही नोंद केली, ती पद्धत सांगते.

आदल्या रात्री मी त्यांच्या घरातले सगळे डबे वजनकाट्यावर ठेवून घेतले: तीळ, मीठ, पापडखार, लसूण, तिखट. सकाळी त्यांना एक अक्षर विचारलं नाही. ‘आजी, किती मीठ?’ असं विचारलं की हात थांबतो, आणि ‘चार चमचे लिही’ असं काहीतरी उत्तर येतं, जे त्यांनी आयुष्यात कधी मोजलेलं नसतं. काम संपल्यावर डबे पुन्हा तोलले. फरक म्हणजे प्रमाण. पाण्याचंही तेच. हंडा आधी आणि नंतर मोजायचा. ज्वारी ओलवून, कांडून कोंडा काढलेली, मग दोन-तीन दिवस भिजवून आंबवलेली आणि जाडसर दळून आणलेली होती. आंबली की नाही हे त्यांनी वासावर नाही, बोटांत दाणा चिरडून ठरवलं. तो सहज फुटून आतून पांढरा, दुधाळ निघाला पाहिजे. पातेल्यात आधण आलं, लसूण-मिरचीचा गोळा, तीळ, मीठ पडलं, आणि भरड वैरायला सुरुवात झाली. एक जण वैरते, दुसरी लाकडी दांड्याने घोटते. एकटीने केलं तर गुठळ्या होतातच. हा घाटा, म्हणजे घोटलेलं मिश्रण, शिजला हे त्यांनी कसं ओळखलं, तर ओल्या बोटाने वर टिचकी मारली, बोटाला काही चिकटलं नाही तेव्हा खाली उतरवला. हे कोणत्याही पुस्तकात मी वाचलेलं नाही.

मग अंगणात बाजेवर ओलं सुती धोतर पसरून, हात पाण्यात बुडवून, गरम घाट्याचे गोळे थापायचे. घाटा निवला की थापल्यावर भेगा जातात, म्हणून पाच-सहा जणी लागतात, आणि त्या भराभर थापतात. पोळतं. पोळतं हे लिहा. संध्याकाळी वरची बाजू वाळली की कापड उलटं करून मागून पाण्याचा हबका मारायचा आणि एकेक बिबडा सोडवायचा. पोरांचा खरा कार्यक्रम त्याच्या आधीच उरकलेला असतो: वाटीत गरम घाटा आणि वरून कच्चं तेल, किंवा अर्धवट ओला बिबडा शेंगदाण्यांबरोबर.

काम झाल्यावर, चहा पिताना, विचारायचे प्रश्न मोजकेच. बिघडलं कधी, आणि कशामुळे? आभाळ आलं तर काय करता? तुमच्या सासूबाई वेगळं काय करायच्या? माहेरी कसं करत? पहिल्या प्रश्नावर लोक सर्वांत जास्त बोलतात. पाककृतीत यश लिहिलेलं असतं, शिकणाऱ्याला मात्र अपयशाची माहिती हवी असते. आजी अहिराणीत बोलत असतील तर अहिराणीतच लिहा, लेवा बोलीत बोलत असतील तर तसंच. वाटलं तर कडेला प्रमाण मराठी द्या, पण त्यांच्या वाक्याची इस्त्री करू नका. व्हिडिओ काढायचा तर कॅमेरा हातांवर ठेवा, पार्श्वसंगीत लावू नका. घाटा शिजताना फदफदतो तो आवाज ही माहिती आहे.

आणि पैसे द्या. दिवसभराच्या रोजाचे, कबूल करून, आधी. ‘आजींना आनंदच होईल’ हे खरं असतं, पण त्यांच्या सुनेची त्या दिवशीची मजुरी बुडते हेही खरं असतं. नोंदीचा पुढे कुठे वापर होणार, नाव छापायचं की नाही, हेही विचारा. काही जणींना नाव हवं असतं, काहींना अजिबात नको असतं.

तिसरा पदार्थ मांडे. इथे मी थोडी निराश आहे, ते लपवत नाही. मांडा शिकायला हाताला सवय लागते, आणि सवय वर्षातून एकदा करून लागत नाही. गहू ओलवून दळलेलं, वस्त्रगाळ केलेलं पीठ, तासन्तास मळून रबरासारखी ताणणारी कणीक, हरभरा डाळीचं पुरण, आणि मग लाटलेली पुरी दोन्ही हातांच्या मागच्या बाजूंवर घेऊन फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायची. पालथ्या खापरावर टाकायची, भाजली की घडी घालून उतरवायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी, आमरस, रसोई (तिखट आमटी), सांजोऱ्या, कुरडया, पापड, भजी असं ताट असतं. पितरांच्या घागरीवर डांगर (खरबूज) ठेवतात, माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात. या सगळ्यात मांडे करणारी बाई गावात एखादीच उरलेली असते आणि त्या दिवशी तिच्या दारात रांग लागते.

जळगाव-धुळ्यात, आणि आता पुण्या-नाशकातही, मांडे करून विकणाऱ्या बाया आहेत. त्यांचे दर ऐकून लोक नाक मुरडतात, तेच लोक पिझ्झ्याला चौपट देतात. माझ्या मते मांडे टिकतील ते या विकणाऱ्या बायांमुळेच, हौशी कार्यशाळांमुळे नाही. रोज वीस मांडे करणाऱ्या बाईचा हात तयार राहतो. तिच्याकडे दोन मुली शिकायला बसवा, सहा महिने, आणि त्या मुलींना विद्यावेतन द्या. मंडळाकडे तीस-चाळीस हजार असतील तर ते मंडपावर न घालता इथे घाला. खापर करणाऱ्या कुंभारालाही आधी ऑर्डर द्या. पातळ, समान जाडीचं, जाळावर न तडकणारं खापर सगळ्यांना जमत नाही, आणि वर्षातून दोनच खापरं खपणार असतील तर तो माठ आणि पणत्याच करणार.

आता एक नाजूक गोष्ट. ‘खान्देशी जेवण’ म्हटल्यावर तुमच्या मंडळाच्या यादीत जे आलंय ते सगळं शाकाहारी आहे आणि दोन-तीन समाजांच्या घरचं आहे. तापी, गिरणा, पांझरा या नद्यांची मासळी कुठे आहे? काळ्या मसाल्यातलं मटण कुठे आहे? दलित वस्तीतल्या, भोई वाड्यातल्या, मुस्लीम मोहल्ल्यातल्या स्वयंपाकघरांत कोणी गेलं का? बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी मोगलांच्या खान्देश सुभ्याचं ठाणं तेच होतं, आणि तिथली मावा जिलेबी आणि दराबा यांची वाट शेजारच्या रावेरवाल्यांना कोणी दाखवावी लागत नाही. साताऱ्याकडचा किंवा कोकणातला माणूस खान्देशाला एक समजतो, आपण तरी तसं समजू नये. ज्या घरी मंडळातलं कोणी कधी पाणीही प्यायलेलं नाही, तिथली नोंद घ्यायला आधी तिथे जेवायला जा. वही दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला काढा.

सातपुड्याबद्दल तर वेगळंच लिहावं लागेल. धडगाव-अक्कलकुव्याकडे भिल्ल आणि पावरा घरांतली ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, मोहाची फुलं, मोर-भगरीसारखी बारीक धान्यं, उन्हात वाळवलेल्या कैरीचा आमचूर. धडगाव तालुक्यात बायफ या संस्थेच्या मदतीने गावकऱ्यांनी मका-ज्वारीच्या स्थानिक वाणांची बियाणे बँक उभी केली आहे. सहल काढायचीच असेल तर तिकडे काढा, पण पाहुणे म्हणून. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव पावसाळ्यात होतात, तिथे तरोटा, कर्टुली, घोळ, फांग एकत्र पाहायला मिळतात. फक्त रानभाजीच्या बाबतीत फोटोवरून ओळख पटवू नका. जिने ती भाजी आयुष्यभर खुडली आहे तिच्याबरोबर शिवारात फिरा. कोणतं पान कोवळं असताना चालतं आणि नंतर नाही, कोणत्या भाजीचं पहिलं पाणी ओतून द्यायचं, हे तीच सांगेल.

शाळेचा कार्यक्रम ‘पाककला स्पर्धा’ ठेवू नका. त्यात आया रात्रभर राबतात आणि मुलं ताट धरून उभी राहतात. त्याऐवजी पाचवी-सहावीच्या मुलांना घरच्या मोठ्या माणसाला एकच प्रश्न विचारून यायला सांगा: तुमच्या लहानपणी पावसाळ्यात भाजी संपली की काय खायचे? उत्तरं गोळा करून पाहा. सांडगे, वाळवलेल्या गवारी, चण्याचा वाळवलेला पाला, डाळीच्या पिठाच्या डुबुकवड्या, फुनके-कढी, नुसती तिखट-तेल-भाकरी. टंचाईतला स्वयंपाक कधी कोणी मिरवत नाही, म्हणून तो सर्वांत आधी विसरला जातो. यातलं काही अभिमानाने सांगितलं जाईल, काही सांगताना आवाज बदलेल. मुलांना दोन्ही ऐकू दे.

आता महोत्सव. तो करा, जरूर करा, फक्त लहान करा. पदार्थ तीन-चारच, पण समोर होणारे. भरीत तिथेच काड्यांवर भाजलेलं, बडगीत ठेचलेलं, कळण्याची भाकरी समोर थापलेली. डब्यातून आणलेले तीस पदार्थ मांडले की सगळे गार, सगळे सारखे लागतात. भरतात कच्ची पात असते, त्यामुळे ते सकाळी करून संध्याकाळपर्यंत ठेवायचं नाही. दर तासाला थोडं थोडं करा. बायांना स्टॉलचं भाडं लावू नका. उलट रोज ठरवून द्या आणि उरलेल्या मालाचा तोटा मंडळाने सोसावा. नाहीतर पहिल्या दिवशी गर्दी कमी झाली की दुसऱ्या दिवशी त्या पोहे-वडे तळायला घेतात, आणि त्यांचं चूक नसतं. विक्रीसाठी पाकिटबंद बिबडे, पापड, कळणा ठेवणार असाल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आधी करून घ्या, लेबलवर बनवल्याची तारीख टाका. उद्घाटन अर्ध्या तासात उरका. पाहुण्यांची भाषणं चालू असताना काड्यांचा जाळ थांबत नाही.

गिऱ्हाईक शोधायला लांब जायला नको. सुरतेला उधना-लिंबायतकडे खान्देशी माणसांच्या वस्त्याच्या वस्त्या आहेत, पुण्या-मुंबईत थंडीत भरीत पार्ट्या होतात आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्समधून वांग्यांची पोती जातात. त्या माणसांना बिबडे आणि कळणा हवा असतो, नियमित आणि खात्रीचा. चैत्रातच त्यांच्याकडून मागणी आणि अर्धे पैसे घ्या, म्हणजे उन्हाळ्यात किती ज्वारी भिजवायची हे कळेल. वाळवणाचा माल अंदाजाने करून पावसाळ्यात विकत बसणं परवडत नाही. दमट हवेत बिबडे मऊ पडतात आणि परत येतात.

पुस्तकाचं शेवटी बोलू. तीन पदार्थांच्या नोंदी नीट झाल्या, की प्रत्येकी बारा-पंधरा पानं सहज भरतात: शेत, बी, भांडं, हात, दिवस, घरोघरचे फरक, बिघडण्याची कारणं. चाळीस-पन्नास पानांची साधी पुस्तिका, काळ्या-पांढऱ्या छपाईची, स्वस्त. पहिल्या प्रती ज्या घरांतून नोंदी घेतल्या तिथे द्या आणि सोबत पेन्सिल द्या. त्या बाया चुका दाखवतील, समासात भर घालतील. त्या खुणा गोळा करून दुसरी आवृत्ती काढा, चांगल्या कागदावर, हवी तर रंगीत. पुढच्या वर्षी आणखी तीन पदार्थ. फुनके-कढी, दाळगंडोरी आणि कुरडया असा क्रम मी घेईन, कारण कुरडयांसाठी तीन दिवस गहू भिजवून चीक काढणाऱ्या बाया अजून बऱ्याच आहेत, ते वर्षभर थांबू शकतं. मांडे करणाऱ्या बाईला मात्र याच आठवड्यात भेटा, आणि ती सहा महिने दोन मुलींना शिकवायला तयार असेल तर किती पैसे घेईल ते विचारून मला कळवा. त्यावरून पुढचा हिशेब मांडू.